सोडलेले घर, विकलेले घर

प्राप्तिकराच्या कायद्याने घराची एक विचित्र वाटणी केली आहे. कपाटे, पलंग, भांडीकुंडी, कपडेलत्ते या वैयक्तिक वापराच्या वस्तू. त्या विकून चार पैसे जास्त आले तरी त्यावर कर नाही. पण ज्या चार भिंतींच्या आत हा संसार मांडला, त्या भिंती मात्र ‘भांडवली मालमत्ता’. त्या विकून आलेल्या नफ्यावर कर आहे. एखादा माणूस मुंबई-पुण्यातले किंवा साताऱ्या-सांगलीतले घर मागे ठेवून परदेशी गेला, तिथेच रुजला आणि वीस-पंचवीस वर्षांनी ते घर विकायला निघाला, तर कायद्याच्या लेखी ते कोणाचे काय असते? राहते घर, गुंतवणूक, की परक्याची मालमत्ता? स्वातंत्र्याच्या वर्षापासून आजपर्यंत या प्रश्नाचे उत्तर किमान तीनदा बदलले.

परदेशी गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या घरांबद्दल मराठीत कथा-कविता भरपूर लिहिल्या गेल्या. त्या घरांच्या कराबद्दल मात्र ‘सीएला विचारा’ यापलीकडे फारसे कोणी लिहिले नाही. मी सीए नाही आणि वकीलही नाही. जुने कायदे, अर्थसंकल्प आणि निकालपत्रे वाचण्याची खोड मात्र आहे, आणि त्या वाचनात हा विषय कोरडा राहत नाही असा माझा अनुभव आहे.

सुरुवात २८ फेब्रुवारी १९४७ रोजी झाली. हंगामी सरकारचे अर्थसदस्य लियाकत अली खान यांनी त्या दिवशी अर्थसंकल्प मांडला. मिठावरचा कर याच अर्थसंकल्पाने गेला, आणि ‘गरिबांचा अर्थसंकल्प’ हे नाव त्याला मिळाले. दुसऱ्या बाजूला एक लाखाच्या वरच्या व्यापारी नफ्यावर पंचवीस टक्के विशेष कर आणि भांडवली नफ्यावर कर, अशा दोन तरतुदी त्यात होत्या. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांना आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना त्या झोंबल्या. काँग्रेसमधल्या अनेकांना त्यामागे आर्थिक न्यायापेक्षा राजकारणच जास्त दिसले. तो वाद इथे उकरायचा नाही. आपल्या विषयापुरते एवढेच, की १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात ‘१२ ब’ हे नवे कलम आले आणि ३१ मार्च १९४६ नंतरच्या विक्रीतून झालेला पंधरा हजारांवरचा नफा प्रथमच करपात्र ठरला. ज्यांची मालमत्ता १ जानेवारी १९३९ पूर्वीची होती, त्यांना मूळ खरेदी किमतीऐवजी त्या दिवसाचा बाजारभाव धरण्याची मुभा मिळाली. महायुद्धाच्या आधीचा भाव आणि महायुद्धानंतरचा भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले होते, ते अंतर कराच्या कक्षेत यावे म्हणून ही तारीख. ‘अमुक दिवसाचा भाव’ ही युक्ती तेव्हापासून या कराला चिकटली आहे. १९३९ मागे पडून १९५४ आले, मग १९६४, मग १९७४, मग १९८१ आणि आता २००१.

या कराची पहिली मोठी परीक्षा मुंबईतल्या घरजागेवरूनच व्हावी हे साहजिक होते. नवीनचंद्र मफतलाल यांनी मुंबईतल्या काही स्थावर मालमत्तेतला आपला अर्धा हिस्सा विकला, आणि १९४७-४८ च्या करनिर्धारणात नऊ लाखांहून जास्त रक्कम भांडवली नफा म्हणून त्यांच्या उत्पन्नात धरली गेली. त्यांचे म्हणणे सोपे होते. इमारत विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, ते भांडवलच. झाडाला लागलेले फळ वेगळे आणि खुद्द झाड वेगळे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने केंद्रीय विधिमंडळाला उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार दिला आहे, झाडावर नव्हे. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती तेंडोलकर या दोघांनीही कर वैध ठरवला, पण गंमत अशी की दोघांची कारणे निराळी. तेंडोलकरांच्या मते हा उत्पन्नावरचाच कर. छागलांच्या मते तो मालमत्तेच्या भांडवली मूल्यावरचा कर, आणि त्याचाही अधिकार सूचीतल्या पुढच्याच नोंदीत होता. नोव्हेंबर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेंडोलकरांची बाजू घेतली. राज्यघटनेसारख्या दस्तऐवजात ‘उत्पन्न’ हा शब्द संकुचित अर्थाने घ्यायचा नाही, त्याचा जेवढा व्यापक अर्थ होतो तेवढा घ्यायचा, असे न्यायालयाने ठरवले. आजही दादरचा फ्लॅट विकणाऱ्या प्रत्येकाच्या विवरणपत्रात भांडवली नफा ‘उत्पन्न’ या मथळ्याखाली येतो, तो या निकालाच्या बळावर. मला विचाराल तर छागलांचे कारण जास्त प्रामाणिक होते. घर विकणाऱ्या सामान्य माणसाला आपण काही कमावले असे वाटत नाही, काहीतरी मोडले असेच वाटते.

निकाल लागला तेव्हा कर मात्र अस्तित्वात नव्हता. जॉन मथाई यांनी १९४९ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला होता. ३१ मार्च १९४८ नंतरच्या विक्रीला तो लागूच झाला नाही. शेअर बाजार मंदावला होता, भांडवल घाबरले होते, आणि कराचे उत्पन्न त्या भीतीच्या मानाने किरकोळ होते.

तो परत आणण्याचे श्रेय किंवा दोष केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्याकडे जातो. भारताच्या करपद्धतीचा अभ्यास करून त्यांनी १९५६ मध्ये अहवाल दिला. संपत्ती कर, देणगी कर, खर्चावरचा कर आणि भांडवली नफ्यावरचा कर, ही सगळी साखळी एकत्र हवी, म्हणजे एका दारातून निसटलेला पैसा दुसऱ्या दारात सापडेल, असा त्यांचा विचार होता. अहवाल आला तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. पण त्यावर कायदा करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मुंबईच्या प्रश्नावर जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांच्या जागी आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस वित्त विधेयक आणून भांडवली नफ्याचा कर पुन्हा जिवंत केला. या वेळी सूट पंधरा हजारांची नव्हती, पाच हजारांचीच होती. तेव्हापासून हा कर गेलेला नाही.

१९६१ मध्ये प्राप्तिकराचा कायदा नव्याने लिहिला गेला. त्याचे ५४ वे कलम या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. राहते घर विकून दुसरे घर घेणाऱ्याला नफ्यावरचा कर माफ, हे त्याचे सार. मूळ अट अशी होती: विकलेले घर विक्रीआधीची दोन वर्षे करदात्याने ‘किंवा त्याच्या आईने वा वडिलांनी’ मुख्यतः स्वतःच्या राहण्यासाठी वापरलेले असले पाहिजे. शिवाय नवे घर वर्षभर आधी किंवा नंतर विकत घ्यायचे किंवा दोन वर्षांत बांधायचे, आणि तेही स्वतःच्या राहण्यासाठी.

आई-वडिलांचा हा उल्लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थबकलो. करकायद्याला नाती कळत नाहीत असे आपण म्हणतो. इथे मात्र साठच्या दशकातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची नेमकी अवस्था त्याला कळली होती. मुलगा नोकरीसाठी दिल्लीला, भिलाईला किंवा बर्मिंगहॅमला. घर त्याच्या नावावर, कारण कर्ज त्याने फेडले. राहणारे मात्र आई-वडील. अशा घराला कायद्याने मुलाचेच राहते घर मानले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेलेले डॉक्टर, १९६५ च्या नव्या कायद्यानंतर अमेरिकेत शिरलेले इंजिनिअर, खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेली ती पिढी, यांच्यापैकी ज्यांनी गावाकडे घर घेतले होते त्यांच्यासाठी हे चार शब्द म्हणजे एक कवाड होते. मात्र आई-वडील वारले, घराला कुलूप लागले आणि दोन वर्षे उलटली, की कवाड बंद. बंद घराला कायद्याने ‘राहते’ म्हटले नसते. भाडेकरू ठेवलेल्या घराला तर नाहीच.

भाडेकरूंचा विषय निघाला म्हणून थोडे आडवळण घेतो. भांडवली नफ्याचा कर आणि मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा ही दोन्ही १९४७ ची अपत्ये. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली, आणि शहरातली बहुसंख्य मराठी कुटुंबे पुढची कित्येक दशके मालकीच्या घरात नव्हे, पागडीच्या खोलीत राहिली. ‘ओनरशिप’ हा शब्द घरोघरी पोचला तो १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायद्याच्या आगेमागे. म्हणजे गिरगावातून न्यू जर्सीला गेलेल्या माणसाचे ‘घर’ पुष्कळदा त्याचे नव्हतेच. त्याच्याकडे होता भाडेकरूचा हक्क. तो सोडून देताना जी पागडी मिळे, तिच्यावर कर कसा लावायचा हा प्रश्न न्यायालयांत बरीच वर्षे घोळला. ज्या हक्काला खरेदी किंमतच नाही, त्याचा नफा मोजायचा कशातून कशाची वजाबाकी करून? १९९४ मध्ये कायद्यात सुधारणा झाली: अशा हक्काची खरेदी किंमत शून्य धरा. म्हणजे हातात आलेली सगळी रक्कम नफा. आणि हा हक्क म्हणजे घर नव्हे, म्हणून कलम ५४ ची सवलतही त्याला मिळत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी उघडपणे घ्यायला परवानगी दिली, तोपर्यंत प्राप्तिकर खात्याने तिचा हिशेब केव्हाच मांडून ठेवला होता.

आता मालकीच्या घरांकडे वळू. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत घर विकणे म्हणजे सरकारच्या अनेक खिडक्यांपुढे उभे राहणे होते. ठरावीक रकमेच्या वरचे खरेदीखत नोंदवण्याआधी प्राप्तिकर अधिकाऱ्याचा दाखला लागे. तो नसेल तर सब-रजिस्ट्रार दस्त घेत नसे. १९८६ पासून मुंबईसारख्या शहरांत मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर आधी सरकारला कळवावे लागे, आणि किंमत कमी दाखवली आहे असे वाटले तर सरकार तीच किंमत देऊन घर स्वतः विकत घेऊ शके. एवढा बंदोबस्त का, हे त्या काळात घर घेतलेल्यांना माहीत आहे. अर्धी किंमत चेकने आणि अर्धी पिशवीत. परदेशस्थ विक्रेत्याची या व्यवहारात खास कोंडी व्हायची. पिशवीतली रक्कम त्याला बँकेत भरता येत नव्हती, बाहेर नेता येत नव्हती, आणि नाकारली तर गिऱ्हाईक मिळत नव्हते. अनेकांनी घरे भावंडांच्या ताब्यात देऊन टाकली त्यामागे प्रेम होतेच, पण ही अडचणही होती. दाखल्याची पद्धत २००१ मध्ये आणि सरकारी खरेदीची २००२ मध्ये संपली. २००३ पासून रेडी रेकनरच्या भावाखाली दाखवलेली किंमत करासाठी मानायचीच नाही असा नियम आला, आणि पिशवी बरीच हलकी झाली.

दरम्यान १९८२ च्या वित्त कायद्याने कलम ५४ मधली राहण्याची अट काढून टाकली. स्वतः राहा, आई-वडील राहोत, भाड्याने द्या, की कुलूप लावून ठेवा. निवासी घर असले आणि ते पुरेशी वर्षे जवळ ठेवले, की झाले. परदेशस्थाच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता. त्याचे बंद घर एका फटक्यात राहत्या घराच्या बरोबरीला आले. योगायोगाने हेच वर्ष अनिवासी भारतीयांच्या पैशाला भारतात बोलावण्याचेही आहे. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या त्या काळातल्या धोरणाने अनिवासींना शेअर, ठेवी यांत सवलती दिल्या, आणि १९८३ मध्ये त्यांच्या परकीय चलनातल्या गुंतवणुकीसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरणच घातले गेले. त्या प्रकरणाच्या यादीत शेअर आहेत, कर्जरोखे आहेत, ठेवी आहेत. घर नाही. पण ५४ च्या बदलाने घराचे काम परस्पर झाले होते.

आई-वडिलांचा उल्लेख याच बदलात गेला. तो गेल्याचे कोणाला दुःख झाल्याचे माझ्या वाचनात नाही, कारण सवलत वाढली होती. पण ‘घरात कोण राहते’ हा प्रश्न विचारायचे कायद्याने तिथे थांबवले, आणि पुढे ‘विकणारा कोठे राहतो’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली.

खरे तर तो प्रश्न कायद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात आधीपासून होता. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदारानेच कर कापून सरकारात भरावा, असे कलम १९५ म्हणते. कलम १६३ त्याच्याही पुढे जाते. ज्याने अनिवासीकडून भारतातली भांडवली मालमत्ता घेतली, त्याला खाते त्या अनिवासीचा ‘प्रतिनिधी’ मानू शकते, म्हणजे विकणाऱ्याच्या करासाठी घेणाऱ्याला धरू शकते. तर्क समजण्यासारखा आहे. विक्रेता उद्या विमानात बसणार, घर मात्र इथेच राहणार, आणि ज्याच्याकडे घर आहे तोच हाताशी आहे. पण कोथरूडमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्या शिक्षक दांपत्याला हे कोण सांगणार? त्यांनी कर कापायचा, भरायचा, त्याचे विवरणपत्र द्यायचे. नाही केले तर व्याज आणि दंड त्यांच्या माथी.

निवासी विक्रेत्यासाठी २०१३ पासून पन्नास लाख आणि त्यावरच्या व्यवहारात एक टक्का कापतात. अनिवासीसाठी पन्नास लाखांची मर्यादाच नाही आणि दर पूर्ण करापुरता. शिवाय नफा किती झाला हे खरेदीदाराला ठरवता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात बहुतेक खरेदीदार सगळ्या किमतीवरच कर कापतात. अधिभार आणि उपकर बाजूला ठेवून हिशेब करू. पंचेचाळीस लाखांना घेतलेले घर पन्नास लाखांना विकले. नफा पाच लाख, आजच्या साडेबारा टक्क्यांनी कर साडेबासष्ट हजार. कापले जातात सहा लाख पंचवीस हजार, म्हणजे कराच्या दहापट. वरची रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरून, वाट पाहून. आधीच अर्ज करून कमी कपातीचा दाखला मिळवता येतो, तो मार्ग कायद्यात आहे. मात्र गिऱ्हाईक तोपर्यंत थांबले पाहिजे.

नवे घर कोठे घ्यायचे, हा पुढचा वाद. ५४ च्या शब्दांत नवे घर भारतातच हवे असे कुठे म्हटले नव्हते. मग मुंबईतले घर विकून लंडनमध्ये घेतले तर? मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाने २००६ मध्ये अशी सवलत मान्य केली. कायद्यात जो शब्द नाही तो आम्ही घालणार नाही, हा त्यामागचा साधा विचार. गुजरात उच्च न्यायालयाने पुढे अमेरिकेतल्या घराबाबत हेच धरले. पण तो निकाल जुन्या वर्षाचा होता. २०१४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने ‘भारतात’ हा एक शब्द आणि ‘एकच’ हा दुसरा शब्द कलमात बसवला होता. तेव्हापासून परदेशस्थाला कर वाचवायचा तर घर विकून भारतातच आणखी एक घर घ्यावे लागते, किंवा नफ्यातले पन्नास लाखांपर्यंत ठरावीक संस्थांच्या रोख्यांत पाच वर्षे अडकवावे लागतात. ज्याला शिकागोतल्या घराचे कर्ज फेडायचे आहे त्याला या दोन्हींचा उपयोग नाही. सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपल्या तिजोरीतून सोडलेल्या कराने टेक्सासमधली घरबांधणी का वाढवावी? मला ही बाजू पटते. न पटणारी गोष्ट पुढची आहे.

१९९२ मध्ये मनमोहन सिंग यांनी महागाई निर्देशांक आणला. त्याआधी महागाईने फुगलेली किंमतही ‘नफा’ म्हणून करात जात होती, आणि तिच्या बदल्यात ठोकळ वजावट मिळे. निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून धरली जाऊ लागली आणि उरलेल्या खऱ्या नफ्यावर वीस टक्के कर बसू लागला. निवासी-अनिवासी असा भेद घराच्या बाबतीत तेव्हा नव्हता. वारसाने मिळालेल्या घराला आई-वडिलांची खरेदी किंमत लागू होई, आणि निर्देशांकही आई-वडिलांच्या वर्षापासून मोजायचा अशी बाजू मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेतली. त्या प्रकरणात मालमत्ता देणगीने आली होती, पण तत्त्व वारशालाही तेच. तीन दशकांहून जास्त काळ ही व्यवस्था चालली, आणि एकंदरीत न्याय्य होती.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने निर्देशांक काढला आणि दर साडेबारा टक्क्यांवर आणला. ओरड झाली. ऑगस्टमध्ये सरकारने माघार घेतली, पण अर्धी. त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी जुना आणि नवा यांपैकी ज्या पद्धतीने कर कमी येईल ती, अशी सोय मिळाली. मिळाली कोणाला? निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. अनिवासी वगळले गेले.

साताऱ्यातले एक कल्पित घर घेऊ. आई-वडील गेले, मुलगी साताऱ्यात, मुलगा न्यू जर्सीत, दोघांचा निम्मा हिस्सा. २००१ चा भाव दहा लाख, २०२४-२५ मध्ये विक्री पन्नास लाखांना. निर्देशांक शंभरावरून ३६३ झाला आहे. मुलीच्या पाच लाखांचे निर्देशांकाने अठरा लाख पंधरा हजार होतात, नफा उरतो सहा लाख पंच्याऐंशी हजार, वीस टक्क्यांनी कर एक लाख सदतीस हजार. तिला दुसरे उत्पन्न नसेल तर मूळ करमुक्त मर्यादेचा फायदाही या नफ्याला मिळू शकतो. मुलाच्या पंचवीस लाखांतून पाच लाख वजा, नफा वीस लाख, साडेबारा टक्क्यांनी अडीच लाख. करमुक्त मर्यादा त्याच्या या नफ्याला लागू नाही. कपात मुलीची पंचवीस हजार, मुलाची तीन लाख साडेबारा हजार. एकच घर, एकच खरेदीखत, एकाच दिवशी दोघांच्या सह्या.

नवी पद्धत सगळ्यांनाच वाईट आहे असे नाही. याच आकड्यांवरून गणित मांडले तर २००१ पासून घराची किंमत साधारण आठपटीहून जास्त वाढली असेल तर साडेबारा टक्केच स्वस्त पडतात. बाणेर-बालेवाडीत आठ पट ही अशक्य गोष्ट नव्हे. पण तालुक्याच्या गावातला जुना वाडा, कोकणातले बंद घर, पेठेतला लिफ्ट नसलेला तिसरा मजला यांची किंमत आठपट होत नाही. म्हणजे ज्याचे घर बाजारात मागे पडले, त्याच अनिवासीला भेदाचा चटका बसतो. ज्याचे घर खरोखर नफ्याचे होते त्याला निवासी-अनिवासी भेद जाणवतही नाही. सट्टेबाजाला आळा घालायचा असेल तर हा नेम उलटा लागला आहे. अनिवासीचा भारतातला नफा महागाईने फुगत नाही, असे काही कोणी म्हटलेले नाही. रुपया घसरतो म्हणून डॉलरमध्ये तर तो आणखी आक्रसतो.

आपणच असे करतो असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियाने मे २०१७ मध्ये जाहीर करून डिसेंबर २०१९ मध्ये कायदा केला: घर विकताना तुम्ही परदेशी रहिवासी असाल, तर ते पूर्वी वर्षानुवर्षे तुमचे राहते घर असले तरी राहत्या घराची सूट बहुधा शून्य. तिथल्या जुन्या मालकांना ३० जून २०२० पर्यंत विकण्याची मुदत दिली होती. ब्रिटनमध्ये १९६५ साली जेम्स कॅलहन यांनी हा कर आणला तेव्हापासून राहत्या घराला सूट आहे, आणि नोकरीसाठी परदेशी काढलेली वर्षे घरी परतल्यास राहण्याचीच धरली जातात. निवृत्त होऊन पुण्याला परतलेल्या आणि तिकडचे घर राखून ठेवलेल्या डॉक्टरांना एप्रिल २०१५ पर्यंत अनिवासी म्हणून तिथे हा करच नव्हता. त्यानंतर मात्र त्या तारखेपासूनची वाढ करपात्र झाली. अमेरिकेचा हिशेब वेगळाच. १९९७ पासून गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षे घरात राहिलेल्याला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि नवरा-बायकोला पाच लाखांपर्यंत नफा माफ, मग घर कोणत्याही देशातले असो. आणि वारसाने आलेल्या घराची किंमत तिथे मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात. वरच्या उदाहरणातला मुलगा साताऱ्याच्या घरावर भारतात अडीच लाख भरतो. वडील गेल्यावर लगेच विकले असेल तर अमेरिकेच्या हिशेबाने त्याला नफा जवळजवळ झालेलाच नाही, म्हणून दोन देशांतल्या करारानुसार भारतातल्या कराची वजावट घ्यायलाही तिथे त्या विक्रीवरचा कर नसतो.

कर भरून उरलेले पैसे त्याच्या एनआरओ खात्यात जमा होतात. तिथून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या दाखल्यासह. साताऱ्याच्या घरासाठी ही मर्यादा फारच मोठी आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि ५४, १६३, १९५ हे सगळे आकडे बदलले. वडिलांचे साठ-सत्तरच्या दशकातले मूळ खरेदीखत, बाँडपेपरवरचे, सब-रजिस्ट्रारच्या शिक्क्याचे, विक्रीच्या वेळी मालकी दाखवायला लागते. कराच्या हिशेबात त्यावरच्या किमतीचे काम सहसा उरत नाही. तिथे २००१ चा रेडी रेकनर पुरतो.